पापाचा घडा आणि कोर्टाची फाईल

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात सकाळी अकराच्या आधी एक वेगळीच गर्दी असते. पुकारा व्हायचा असतो, वकील झेरॉक्सच्या रांगेत असतात आणि पहिल्या एसटीनं आलेली माणसं सावली बघून मोबाइल उघडून बसलेली असतात. अशाच एका सकाळी माझे एक पक्षकार, दिंडोरीकडचे काका, बांधाच्या दाव्याच्या अपिलासाठी आले होते. कागदांची पिशवी मांडीवर ठेवून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. एका नामांकित आणि तितक्याच बदनाम माणसावर नवा गुन्हा दाखल झाल्याची बातमी होती.

"मॅडम, आता तरी आत जाईल ना हा?"

तो कोण, हे मी इथं लिहीत नाही. नाव वाचलं की निम्मे वाचक एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला जाऊन बसतील, आणि मला जे समजावून सांगायचं आहे ते दोन्ही बाजूंना सांगायचं आहे. पण काकांचा प्रश्न मात्र जसाच्या तसा लिहिला, कारण त्यातल्या ‘आता तरी’ या दोन शब्दांत सगळा विषय आहे.

नव्या गुन्ह्यात नेमकं काय घडलं, फिर्याद कोणाची, पुरावा काय, यातलं काहीच काकांना माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं ते जुनं प्रकरण. त्यात तो सुटला, पैशाच्या जोरावर सुटला असं त्यांचं मत, आणि ती बाकी आता वसूल व्हावी ही इच्छा. पापाचा घडा भरला, असं आपण म्हणतो ते हेच. लोक घडा मोजतात. कोर्टापुढे असते एक फाईल, आणि त्या फाईलवर एकाच घटनेचा एकच गुन्हा नंबर असतो.

या दोन्हींची गल्लत जगात सगळ्यात ठळकपणे कुठं दिसली असेल, तर ओ. जे. सिम्पसनच्या बाबतीत. तरुण वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. सिम्पसन ‘अमेरिकन फुटबॉल’चा मोठा खेळाडू, नंतर सिनेमा आणि जाहिरातीतला ओळखीचा चेहरा. १२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांचा चाकूनं खून झाला. पाच दिवसांनी सिम्पसन पांढऱ्या गाडीतून निघाला, पोलीस मागं, आणि तो पाठलाग अमेरिकेत सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिला. ३ ऑक्टोबर १९९५ रोजी ज्युरीनं, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, त्याला निर्दोष ठरवलं. निकाल लागताच काही ठिकाणी लोक नाचले, काही ठिकाणी रडले, आणि ही फाळणी बरीचशी कातडीच्या रंगानुसार झाली होती.

नाचणाऱ्यांपैकी सगळ्यांनाच तो निष्पाप वाटत होता असं नाही. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी १९९१ साली त्याच शहरात बेदम मारलं होतं, मारहाणीचं चित्रीकरण जगानं पाहिलं होतं, तरीही १९९२ साली ज्युरीनं त्या पोलिसांना शिक्षा केली नाही. शहर पेटलं, पन्नासहून जास्त माणसं गेली. सिम्पसनच्या खटल्यात तपासातल्या एका पोलिसाचा वर्णद्वेष उघडा पडला, तेव्हा अनेकांच्या मनात ती जुनी जखम वर आली. म्हणजे पहिल्या खटल्यातही लोक जुनीच बाकी मोजत होते. फक्त ती सिम्पसनच्या नावावर नव्हती, पोलिसांच्या नावावर होती.

पुढं १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयातल्या ज्युरीनं त्या मृत्यूंसाठी त्यालाच जबाबदार धरलं आणि ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. फौजदारीत ‘संशयापलीकडे’ सिद्ध करावं लागतं, दिवाणीत कोणाचं पारडं जड एवढं बघतात, म्हणून असे दोन वेगळे निकाल येऊ शकतात. पण सामान्य माणसाच्या मनावर शिक्का बसला तो एकच, की खून करून सुटलेला माणूस.

मग सप्टेंबर २००७. लास वेगासच्या एका हॉटेलच्या खोलीत सिम्पसन काही साथीदारांसह घुसला. तिथल्या विक्रेत्यांकडच्या खेळाच्या आठवणीच्या वस्तू आपल्याच आहेत, असं त्याचं म्हणणं. साथीदारांकडं बंदूक होती. दरोडा आणि अपहरण अशी गंभीर कलमं लागली. बातमी आली आणि अमेरिकेत लाखो लोकांच्या तोंडी आपल्या काकांचाच प्रश्न होता. आता तरी आत जाईल ना?

गेला. ३ ऑक्टोबर २००८ रोजी ज्युरीनं सगळ्या १२ आरोपांत दोषी ठरवलं, पहिल्या सुटकेला बरोबर तेरा वर्षं झाली त्याच तारखेला. शिक्षा कमाल ३३ वर्षांची, पॅरोलचा विचार नऊ वर्षांनी. १ ऑक्टोबर २०१७ ला तो बाहेर आला आणि एप्रिल २०२४ मध्ये वारला. शिक्षा सुनावताना न्यायाधीश जॅकी ग्लास यांना मुद्दाम सांगावं लागलं की ही शिक्षा दुसऱ्या कशाचा बदला म्हणून नाही. त्याचे वकील तेव्हा आणि नंतरही हेच म्हणत राहिले, की ज्युरीनं जुन्याची वसुली केली. ज्युरी निवडताना प्रत्येकाकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतली होती, १९९५ च्या निकालाबद्दल तुमचं मत काय, हेही त्यात विचारलं होतं. एवढं करूनही शंका राहिलीच. गुन्हा खरा, पुरावा समोर, शिक्षाही कायद्यात बसणारी, तरी त्या निकालावर बदल्याचा वास चिकटला तो कायमचा. लोकांनी जितक्या जोरात ‘आता तरी’ म्हटलं, तितका खरा निकालही संशयात आला.

आपल्याकडे ज्युरी उरली नाही. १९५९ साली मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा वर्तमानपत्रांपासून रस्त्यापर्यंत सगळे त्यांच्या बाजूचे झाले होते आणि ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. ज्युरीची पद्धत पुढं देशातून हद्दपार झाली. आता निकाल कायदा शिकलेला न्यायाधीश देतो आणि कारणं लिहून देतो. वरच्या कोर्टात तपासली जातात ती हीच कारणं. ‘हा माणूस मुळातच तसला’ असं कारण लिहिलं, तर तो निकाल टिकत नाही.

याचं कलम आहे. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याचं कलम ४९ सांगतं की फौजदारी खटल्यात आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य हा पुरावा धरायचा नाही. जुन्या कायद्यात हेच कलम ५४ होतं, म्हणजे नियम शंभरहून जास्त वर्षांचा आहे. एक वाट मात्र उघडी ठेवली आहे. आरोपीनं स्वतःहून ‘मी किती सज्जन’ असा पुरावा दिला, तर सरकार पक्षाला उत्तरादाखल त्याचं वाईट चारित्र्य पुढं आणता येतं. प्रसिद्ध माणसाच्या वकिलानं दानधर्माच्या फोटोंची फाईल कोर्टात उघडताना दहा वेळा विचार करावा, तो यासाठी.

कायदा असा का? मी वकिली सुरू केली तेव्हा मलाही हा नियम चोरांच्या सोयीचा वाटायचा. मग एक खटला जवळून पाहिला. पंचवटीतल्या एका घरफोडीत एका पोराला उचललं होतं. त्याच्यावर आधीच्या दोन चोऱ्या होत्या. फिर्यादीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना खात्री होती. मीसुद्धा मनातून तेच मानत होते. पंचनाम्यावर जप्तीची वेळ संध्याकाळी सहाची होती आणि पंचांपैकी एक जण त्या वेळी सातपूरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता, हजेरीपत्रकावर त्याची सही होती. तो एक कागद शेवटी कोणीतरी काळजीपूर्वक वाचला म्हणून सापडला. त्याआधी महिनोन्‌महिने तो कागद फाईलमध्येच होता. कोणी वाचला नव्हता, कारण गरजच वाटली नव्हती. एकदा कानफाट्या नाव पडलं की पुरावा बघायचे कष्ट माणूस घेत नाही. बघायचं काम ज्याचं आहे तोही घेत नाही. आणि ज्यानं ती घरफोडी खरोखर केली तो आजही मोकळा आहे, हे त्या फिर्यादीच्या बाईंना कधी कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

अर्थात जुन्या गुन्ह्यांचं कायद्याला काहीच देणंघेणं नसतं, असंही नाही. दोषी आहे की नाही हे ठरवताना ते दाराबाहेर ठेवतात. बाकी दारं उघडी आहेत. जामिनाच्या अर्जावर सरकारी वकील आपला ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करतात, त्यात आरोपीवरच्या आधीच्या गुन्ह्यांची यादी असते आणि न्यायाधीश ती बघतात. मोक्का लावायचा तर मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. तडीपारीच्या प्रस्तावात तर सगळा इतिहासच मांडतात. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा किती, हे ठरवतानाही आधीची शिक्षा विचारात येते. त्यामुळं ‘आधीचे इतके गुन्हे आहेत तरी कोर्टाला दिसत नाही का’, याचं उत्तर असं की दिसतात, योग्य त्या टप्प्यावर दिसतात.

हा नियम पीडितांना जड जातो, हे मी लपवणार नाही. हार्वी वाइनस्टीन हा हॉलिवूडचा निर्माता. २०१७ पासून त्याच्याविरुद्ध एकेक करत ऐंशीहून अधिक स्त्रिया बोलल्या. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं त्याला दोषी धरलं, २३ वर्षांची शिक्षा झाली. २५ एप्रिल २०२४ रोजी तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ती शिक्षा रद्द केली. कारण? ज्या घटनांबद्दल त्या खटल्यात आरोपच ठेवले नव्हते, अशा घटना सांगायला इतर स्त्रियांना साक्षीसाठी उभं केलं होतं. लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या खटल्यातली १६ वर्षांची शिक्षा होती म्हणून तो तुरुंगातच राहिला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर एक नवा आरोप ठेवला गेला, खटला पुन्हा उभा राहिला, आणि २०२५ च्या जूनमध्ये एका आरोपात तो पुन्हा दोषी ठरला, एकात सुटला, एकावर ज्युरीचं एकमत झालं नाही. पहिल्या खटल्यातल्या दोघींना सगळं पुन्हा, सगळ्यांसमोर, सांगावं लागलं. तीन न्यायाधीशांना तो निर्णय मान्य नव्हता, आणि ते वाचताना माझंही मन त्यांच्याकडे ओढलं जातं. पण त्यातून सरकार पक्षानं शिकायचं ते एवढंच, की जो आरोप ठेवला आहे त्याचा पुरावा भक्कम करा. घड्यावर विसंबलात तर वरच्या कोर्टात घडा फुटतो आणि त्याचे तुकडे पीडितेला टोचतात.

इतकं लांब जायचीही गरज नाही. नाशिकरोडला राहणाऱ्यांना तेलगी सांगावा लागत नाही. मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी, ज्याचे धागे आपल्या प्रेसपर्यंत, म्हणजे भारत प्रतिभूती मुद्रणालयापर्यंत आले. २००१ मध्ये त्याला अटक झाली आणि मग एकेका राज्यातून गुन्हे निघतच राहिले. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयानं सक्तमजुरीसोबत २०२ कोटी रुपयांचा दंड केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो शिक्षा भोगतानाच वारला. त्यानंतर, डिसेंबर २०१८ च्या शेवटी, नाशिकच्या सत्र न्यायालयात त्याच्यावरच्या इथल्या खटल्याचा निकाल लागला. पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता, त्याची आणि सोबतच्या आरोपींचीही. अनेकांना तो निकाल धक्कादायक वाटला. तेलगी, आणि निर्दोष? पण त्या निकालानं पुण्याची शिक्षा पुसली गेली नाही, आणि पुण्याच्या शिक्षेमुळं नाशिकचा पुरावा आपोआप सिद्ध झाला नाही. शिवाय त्या खटल्यात तेलगी एकटा नव्हता. त्याच्या नावाच्या सावलीत उभ्या असलेल्या बाकीच्या माणसांनी किती वर्षं ‘तेलगीचा साथीदार’ हे विशेषण अंगावर वागवलं असेल, याचा विचार मला तेलगीपेक्षा जास्त सतावतो.

आता बातमी वाचताना अडचण होते ती शब्दांची. ‘नवे आरोप’ हा एकच शब्दप्रयोग चार वेगळ्या गोष्टींसाठी छापतात. कोणी पत्रकार परिषद घेऊन काही बोललं, तोही आरोप. पोलिसांनी गुन्हा दाखल केला, तोही आरोप. गुन्हा दाखल होणं म्हणजे एफआयआर, म्हणजे पोलिसांकडे पोचलेली पहिली खबर. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तिथं खरं-खोटं ठरलेलं नसतं. मग तपास, जबाब, पंचनामे, आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असेल आणि तेवढ्या दिवसांत ते दाखल झालं नाही, तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो, मग तो कितीही बदनाम असो. दोषारोपपत्रानंतर न्यायाधीश कागद बघून आरोप निश्चित करतात. खरा खटला तिथून सुरू होतो. आपल्या नाशिकच्या वर्तमानपत्रांत ‘संशयित’ हा शब्द लिहायची पद्धत आहे, ती मला फार आवडते. ‘संशयिताला अटक’ असं छापलेलं असतं आणि आपण मोठ्यानं वाचताना ‘आरोपीला पकडलं’ म्हणतो, शेजारच्याला सांगताना ‘त्यानंच केलं’ म्हणतो.

गुन्ह्यांची संख्या हाही असाच चकवा. ‘दहा ठिकाणी गुन्हे दाखल’ असं वाचलं की दहा पापं वाटतात. प्रसिद्ध माणसानं एखादं वक्तव्य केलं तर दहा गावांत दहा जण तक्रार देतात, घटना मात्र एकच असते. एकाच घटनेबद्दल दुसरा एफआयआर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच स्पष्ट केलं आहे, आणि असे गुन्हे एकत्र करून घ्यायला लोक तिथं जातात. याउलट, वेगवेगळ्या तारखांच्या वेगवेगळ्या घटना, वेगवेगळे फिर्यादी असतील, तर ती गोष्ट खरोखर गंभीर असते. आकडा बघण्यापेक्षा तारखा बघाव्यात.

‘जामीन झाला म्हणजे सुटला’ हे तर आमच्या रोजच्या ऐकण्यातलं. जामीन म्हणजे खटला चालेपर्यंत बाहेर राहण्याची परवानगी, अटींसह. ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये सांगितलं. आणि ‘क्लीन चिट’ असा शब्द कायद्यात कुठंच नाही. आपल्या महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करतात तेव्हा अ, ब किंवा क समरी मागतात. अ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. ब म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. क म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बातमीत तिन्हींना ‘क्लीन चिट’च म्हणतात. कोर्ट ती समरी नाकारूही शकतं, फिर्यादीला तिच्याविरुद्ध म्हणणं मांडता येतं.

संजय दत्तच्या बाबतीत लोकांची दोन टोकं मी लहानपणापासून ऐकत आले. एका टोकाला तो बॉम्बस्फोटवाला, दुसऱ्या टोकाला बिचारा, वाट चुकलेला. न्यायालयानं काय म्हटलं? २००६ मध्ये टाडा न्यायालयानं कटाच्या आरोपातून त्याला मुक्त केलं आणि बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो येरवड्यातून बाहेर आला. हा निकाल दोन्ही टोकांना गैरसोयीचा आहे, म्हणून दोन्ही टोकं तो पूर्ण सांगत नाहीत.

माणसं अशी का वागतात, यावर मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात एक प्रयोग केला. एका बाईला चुकलेल्या उत्तरांसाठी विजेचे झटके बसताहेत असं काही विद्यार्थिनींना दाखवलं. झटके खोटे होते, ती अभिनय करत होती. आधी सगळ्यांना तिची दया आली. पण हे थांबवणं आपल्या हातात नाही असं कळलं, तेव्हा अनेक जणी त्या बाईलाच कमी लेखू लागल्या. जग न्यायानं चालतं, ज्याला जे मिळतं ते त्याच्या लायकीचंच असतं, असं मानलं की मनाला बरं वाटतं. बदनाम माणसाला अटक झाली की ‘जग न्यायी आहे’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो. आणि आपला लाडका माणूस अडकला की तेच मन फिर्यादीकडं वळतं. हिचंच काहीतरी चुकलं असणार. एवढी वर्षं कुठं होती?

हा शेवटचा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो, म्हणून कायदा सांगते. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला फिर्यादीची मुदत नाही. उशीर का झाला याचं स्पष्टीकरण कोर्ट मागतं, ते तपासतं, आणि उलटतपासणीत त्यावर घाम फुटेपर्यंत प्रश्न येतात. पण उशीर म्हणजे खोटं, असा नियम कुठंही नाही. समोरचा माणूस नावाजलेला असेल तर पहिली फिर्याद द्यायलाच सगळ्यात जास्त धैर्य लागतं. दुसरी, तिसरी नंतर येते ती बऱ्याचदा म्हणूनच. ती चाल आहे की आधार मिळाल्यानं आलेली हिंमत, हे प्रत्येकीचा जबाब स्वतंत्र वाचल्याशिवाय कळत नाही.

आणि या सगळ्या गदारोळात नव्या गुन्ह्यातली फिर्यादी व्यक्ती कोणालाच दिसत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. चाहते तिचा फोटो शोधतात, विरोधक तिला जुन्या वसुलीचं हत्यार करतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाव न लिहिता तिची सोसायटी, कंपनी, गाव अशी ओळख पटेल इतकी माहिती पसरवली तरी तो गुन्हाच. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ या उत्तरानं सुटका होईल या भरवशावर राहू नका.

मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये, सुशांत सिंह राजपूत प्रकरणातल्या वाहिन्यांच्या वार्तांकनावरून, माध्यमांनी तपास चालू असताना काय टाळावं हे सविस्तर सांगितलं. कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा दाखवू नये, कोणाला आधीच दोषी ठरवू नये, पीडिताची ओळख फोडू नये. तो निकाल वाहिन्यांसाठी होता. आज प्रत्येकाच्या खिशात वाहिनी आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरात नाशिकमध्ये ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा घराघरात पोचली. पकडलेले संशयित हात जोडून ती घोषणा देताहेत, असे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. शहरात लोक खरोखर घाबरलेले होते, चौकाचौकात गुंडांचे फलक होते, त्यामुळं त्या व्हिडिओंनी मिळालेला दिलासा मी खोटा म्हणणार नाही. माझ्या इमारतीतल्या आज्जींनी तो मला स्वतः दाखवला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता संध्याकाळी फिरायला जायला भीती नाही." तरी वकील म्हणून एक बाब सांगितलीच पाहिजे. अनोळखी आरोपीच्या खटल्यात ओळख परेड महत्त्वाची असते. साक्षीदारानं आरोपीचा चेहरा आधीच मोबाइलवर पाहिलेला असेल, तर बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि त्या परेडला किंमत उरत नाही. आज टाळ्या मिळवणारा व्हिडिओ तीन वर्षांनी आरोपीच्याच कामी येऊ शकतो.

त्या दिवशी काकांना मी यातलं थोडंसंच सांगितलं. सिम्पसन नाही, तेलगी सांगितला. ते म्हणाले, "बरोबर असंल मॅडम, पण आमच्या मनाला नाय पटत." मी म्हटलं, पटायलाच पाहिजे असं नाही. ते पुन्हा मोबाइलमध्ये गेले.

पावणेबाराला पुकारा झाला. समोरचे वकील उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातच केली, "साहेब, मूळ वादी हा भांडखोर इसम आहे. त्याच्यावर दिंडोरी पोलीस ठाण्यात यापूर्वी मारामारीचा गुन्हा दाखल असून…" मागच्या बाकावरून काकांचा श्वास मला ऐकू आला. तो गुन्हा बारा वर्षांपूर्वीचा, भावकीतल्या भांडणातला. त्यात ते सुटले होते, आणि गावात आजही त्यांना त्यावरून बोलतात. ते उठायच्या बेतात होते, मी हातानं खुणावलं, बसा.

न्यायाधीशांनी मान वर केली नाही. कागद चाळत म्हणाले, "ते राहू द्या. मोजणीचा नकाशा कोणत्या पानावर आहे?"

मी नकाशा उघडून पुढं ठेवला.